घारी-गरुडांची रोजकीर्द

पुतणी तिबिलिसीला एमबीबीएस करतेय. तिला भेटायला आम्ही दोघं सप्टेंबरच्या सुरुवातीला जॉर्जियाला गेलो आणि तिथं पोचल्या पोचल्या मी बातुमीचा हट्ट धरला. बायकोला काळा समुद्र बघायचा होता, मला त्या समुद्राकडे पाठ करून बसायचं होतं. पुतणीनं तोड काढली, "काका, दिवसा तुमचे पक्षी, संध्याकाळी काकूचा समुद्र. आता भांडू नका."

बातुमीला एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कॉकेशसचे डोंगर. गरुड, घारी, मोहोळघारी ही रुंद पंखांची मंडळी पंख मारत लांबचा पल्ला गाठत नाहीत. जमीन तापली की हवा वर चढते, तिच्यावर घिरट्या घालत उंची गाठायची आणि मग पंख ताणून घसरत पुढं जायचं, असा त्यांचा प्रवास. समुद्रावर अशी हवा मिळत नाही, उंच डोंगरांत ढग आडवे येतात. त्यामुळे रशिया-पूर्व युरोपातून आफ्रिकेकडे निघालेली ही सगळी वाहतूक किनारा आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात येऊन कोंबली जाते. एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी! साखालवाशो आणि शुआम्ता इथल्या टेकड्यांवर २००८ पासून देशोदेशीचे स्वयंसेवक दरवर्षी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते मोजतात.

मी बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झालो. कोणी काही मोजत असलं की माझी नजर मोजल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा मोजणाऱ्याच्या हाताकडे आधी जाते. साखालवाशोला तेच झालं. बायको, पुतणी, आजूबाजूचे पर्यटक सगळे माना वर करून "बापरे" म्हणत होते आणि मी क्लिकर, म्हणजे दाबलं की आकडा पुढं सरकणारं यंत्र, धरलेल्या एका मुलीचा अंगठा बघत होतो.

पक्षी घिरट्या घालत वर चढतात तेव्हा ती त्यांना मोजतच नाही. दोनशे-तीनशे मोहोळघारी एकमेकींच्या वरखाली फिरत असतात, तिथं कोण मोजणार? ती थांबते. वर पोचल्यावर त्या एकामागोमाग एक सुटतात आणि आकाशात रांग लागते. मोजणीच्या दोन ठाण्यांमधून जाणारी एक काल्पनिक रेषा ठरलेली आहे. ती ओलांडली की अंगठा हलतो, त्याआधी नाही. लोंढाच आला तर दहा-दहाचे गठ्ठे. ठाणी दोन असल्यामुळे एकच पक्षी दोन्हीकडे धरला जायची भीती असते, म्हणून वायरलेसवर बोलणं चालू असतं: तो अमुक डोंगराच्या मागचा थवा तुमचा का आमचा? पलीकडून "आमचा" आलं की इकडचा अंगठा गप्प.

तेवढ्यात एक भोवत्या (इंग्रजीत हॅरिअर, हाही शिकारी पक्षीच) ढगाखालून दूरवर गेला. तपकिरी, म्हणजे मादी किंवा यंदाचं पिल्लू. क्लिकरवाल्या मुलीनं तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बीण खाली घेतली नाही. मग नोंद केली: माँटेग्यू, पॅलिड किंवा हेन, भोवत्यांच्या या तीन जातींपैकी एक. त्यासाठी वेगळा रकानाच आहे. मला ती मुलगी तिथंच आवडून गेली. कुठल्या खात्यावर टाकायची ते कळत नसलेली रक्कम आम्ही सस्पेन्सला ठेवायचो, अंदाजानं कोणाच्या खात्यावर नाही. आपल्याकडच्या पक्षी-ग्रुपवर बघा, दोन मैलांवरचा ठिपका असला तरी नाव ठोकून मोकळे.

वयाची नोंदही शक्य तिथं होतेच. पुतणीला हे पटेना. "पिल्लू काय, मोठा काय, पक्षी तर एकच झाला ना?" तिला पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनची गोष्ट सांगितली. तिथं आधी लोक डोंगरावर बसून ससाण्यांवर गोळ्या झाडायचे. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाड्यानं घेतला आणि बंदुका बंद करून मोजणी सुरू केली. १९३५ ते ३९ या काळात तिथून गेलेल्या टकल्या गरुडांत कोवळे पक्षी ४० टक्के होते. १९५५ ते ५९ मध्ये २० टक्के. डीडीटी या कीटकनाशकाचा काळ होता तो. गरुड पुष्कळ वर्षं जगतो, त्यामुळे म्हातारे येत-जात राहतात आणि सगळं बरं चाललंय असं वाटतं. नुसती बेरीज ठेवली असती तर पाळणे रिकामे होतायत हे कळायला फार उशीर झाला असता.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या पक्ष्यांची एका देशातली वही 'घट झाली' एवढंच सांगते. का झाली, ते बऱ्याचदा दुसऱ्याच देशात सापडतं.

स्वेन्सन्स हॉक नावाचा पक्षी उत्तर अमेरिकेत घरटी करतो आणि हिवाळ्यात अर्जेंटिनाला जातो. नव्वदच्या दशकात काही भागांत गेलेले पक्षी परतेनात. घरट्यांच्या जागी कितीही शोधलं तरी कारण दिसेना, कारण तिथं काही बिघडलेलंच नव्हतं. मग काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बांधली आणि माग काढत संशोधक अर्जेंटिनातल्या पाम्पाच्या शेतांत पोचले. तिथं झाडांखाली मेलेल्या पक्ष्यांचे खच पडले होते. टोळांसाठी फवारणी झालेली, ते टोळ यांनी खाल्लेले. १९९५-९६ च्या एका हंगामात सुमारे वीस हजार पक्षी मेले असावेत असा अंदाज आहे. औषध कुठलं? मोनोक्रोटोफॉस.

हे नाव वाचून विदर्भातला माणूस दचकतो. माझ्या चुलतभावाच्या गोठ्यात फळीवर ही बाटली वर्षानुवर्षं होती, शेजारी एरंडेलाची. २०१७ मध्ये यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ज्या औषधांची नावं पुढं आली त्यांत हे होतंच. अर्जेंटिनानं पक्ष्यांची मढी मोजून त्यावर बंदी आणली. आपल्याकडे माणसं मोजूनही घोळ चालू राहिला. असो, या विषयावर मी पुन्हा तापेन.

गिधाडांचंही तसंच. घट आधी लक्षात आली भरतपूरला. मग देशभरातल्या ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीनं जात, वर्षांच्या अंतरानं, त्याच पद्धतीनं मोजण्या झाल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली होती. रोग असेल, असंच बरेच दिवस वाटत होतं. कारण सापडलं पाकिस्तानात, मेलेल्या गिधाडांच्या तपासणीत: गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ या तिन्ही देशांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. भारत आणि पाकिस्तान या दोन शेजाऱ्यांच्या वह्या एरवी कुठल्या बाबतीत जुळतात, सांगा!

कागदावर याची सोय आहे. स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी २००८ मध्ये अबुधाबीत आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं २०१६ मध्ये त्यावर सही केली. पण सहीनं अंगठा हलत नाही. डोंगरावर जाऊन कोणीतरी बसावं लागतं, आणि दरवर्षी तिथंच बसावं लागतं. एखाद्या वर्षाच्या आकड्याला तसा अर्थ नसतो. पाऊस लागून राहिला की पक्षी मागं अडकतात, वारा फिरला की रेषेपासून लांबून निघून जातात. दहा-पंधरा वर्षं सलग झाली की मग आकडे बोलायला लागतात.

बातुमीवरून जाणारे भोवते आफ्रिकेला जातात. आपल्या माळांवर येणारे बहुतेक कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातले. दिवसभर शेतांवरून खालून उडत फिरतात आणि संध्याकाळी गवतात, जमिनीवरच, एकत्र झोपायला येतात. गुजरातेत वेळावदरला त्यांचा मुक्काम जगातल्या मोठ्या मुक्कामांपैकी एक. आंध्रात रोल्लपाडूचा मुक्काम प्रसिद्ध होता, तिथं ऐंशीच्या दशकात दिसायचे तेवढे आता येत नाहीत. अशा मुक्कामांवरच्या तीस वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा घटच दिसली. गवत गेलं हे आपल्याला दिसतं. तिकडे कझाकस्तानच्या गवतात काय चाललंय ते तिथल्या कोणीतरी मोजल्याशिवाय कळायचं नाही, आणि त्यालाही आपला आकडा लागणारच.

आमच्या तालुक्यात एक माळ अजून शिल्लक आहे, तिथं भोवते झोपायला येतात हे गुराख्यांना ठाऊक आहे. डिसेंबरपासून महिन्यातून एकदा, सूर्यास्ताच्या तासभर आधी, मी तिथं वही घेऊन बसणार आहे. जागा कुठली ते इथं उघड लिहीत नाही, फोटोवाले गवत तुडवतात. यायचं असेल तर मेल करा. दुर्बीण नसली तरी चालेल, माझ्याकडे दोन आहेत. 'ओळखला नाही' असं लिहायची ज्याला लाज वाटते त्यानं मात्र येऊ नये.