वजावट तेवढीच

कांदा निर्यातबंदीच्या आदेशावर तारीख 7 डिसेंबर 2023 ची. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तो कळला शुक्रवारी सकाळी. तोवर जुन्नर, मंचर, नगरकडच्या गाड्या गाळ्यांसमोर लागल्या होत्या. माल गुरुवारी भरलेला, गुरुवारच्या भावाच्या आशेवर.

लोक म्हणतात, भाव पडला तर गाडी परत न्यावी. डिसेंबरचा कांदा लाल, हळवा. उन्हाळी गावरान कांद्यासारखा तो साठवणुकीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. गिऱ्हाईक देईल त्या भावात सोडावाच लागतो.

मी गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस आहे. पट्ट्या लिहितो, म्हणजे विक्रीतून खर्च वजा करून शेतकऱ्याला काय उरलं त्याचा हिशेब. एरवी गाडीबरोबर ड्रायव्हरच येतो. त्या दिवशी जुन्नरकडचे एक काका स्वतः आले होते. आदल्या दिवशी 38 रुपये किलोने गेला तसाच माल 24 ला सुटला. पट्टी लिहायला घेतली. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं हे सगळं गोणीवर ठरतं. भाव 38 असो की 24, वजावट तेवढीच. बारदान आणि काढणीची मजुरीही भावाबरोबर उतरत नाही. म्हणून भाव तिसऱ्या हिश्शाने पडला की शेतकऱ्याच्या हातात उरणारी रक्कम तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. दिल्लीत आदेश काढणाऱ्यांनी अशी एक तरी पट्टी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचावी.

काकांनी पट्टी खिशात ठेवली. "मेहताजी, उन्हाळी कांद्याचं रोप तयार आहे. सोमवारपासून लागवडीला बाया सांगितल्यात. लावू का नको?"

काय सांगणार? बंदी 31 मार्चपर्यंत होती, पण त्यांचा कांदा निघणार एप्रिलात, आणि मुदत वाढणार नाही याची हमी कोण देणार? त्यांनी गाळ्यातूनच घरी फोन लावला. "निम्म्याच रानात लावा. बाकीचं रोप शेजारी मागतील त्यांना द्या."

अनुदानाने हा निर्णय बदलला नसता. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या पडलेल्या भावासाठी राज्याने क्विंटलला 350 रुपये जाहीर केले, तेही 200 क्विंटलपर्यंत, आणि वाटप सुरू व्हायला सप्टेंबर उजाडला. बियाणं, खत आणि मजुरीचे पैसे त्याआधीच लागतात.

बंदी मार्चअखेर उठली नाहीच. 4 मे 2024 ला उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के निर्यातशुल्क लावून. त्या रब्बीत देशात सुमारे 191 लाख टन कांदा झाला, आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 20 टक्के कमी. पाऊस कमी होता, धरणं रिकामी होती, सगळा दोष बंदीचा नाही. पण विहीर बघून पाण्याचा अंदाज बांधता येतो. सरकारचा कशावरून बांधायचा?

काकांचा चाळीतला कांदा सप्टेंबरात आला, चांगल्या भावाने गेला. गोण्या मात्र निम्म्याच. "यंदा सगळ्या रानात लावतो," ते म्हणाले. बाकीच्यांनीही तेच केलं. 1 एप्रिल 2025 ला शुल्क पूर्ण उठलं तेव्हा आवकच इतकी होती की भाव वर आला नाही.