प्लास्टिकचा तांदूळ आणि माझा दोन क्रेडिटचा कोर्स

नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह (कुठल्याही शाखेच्या मुलांनी निवडायचे विषय) आले तेव्हा मी आहार आणि आरोग्याच्या खोट्या दाव्यांवरचा कोर्स विभागात मागून घेतला. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळीकडची पोरं वर्गात, बरीचशी खेड्यांतून एसटीने येणारी. नियम एकच ठेवला, विषय तुम्ही आणायचा, घरच्या ग्रुपवर आलेला किंवा घरात बोलला जाणारा, आणि सुरुवातीला "हे खोटं आहे" असं कोणीच म्हणायचं नाही, मी पण नाही. कारण यांना मेसेज पाठवणारा कोणी परका नसतो, काका असतो, आत्या असते, खोटं म्हटलं की भांडण सुरू आणि विचार बंद.

जांभळाच्या बियांची पावडर आली, मैदा आतड्याला चिकटतो हे आलं, हेल्थ ड्रिंक आलं (2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही हे एका मुलीने स्वतः शोधून काढलं). पण सगळ्यात जास्त तास गेले ते एका मुलाने आणलेल्या काडेपेटीवर. काडेपेटीत तांदळाचे दाणे. "मॅडम, रेशनचा तांदूळ आहे, आई परातीत घेऊन हे दाणे वेचते आणि कोंबड्यांना टाकते, प्लास्टिकचे आहेत म्हणते."

फळ्यावर आधी फक्त डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायला लावलं. जरा पिवळट, सगळे एकसारखे, पाण्यात टाकले की काही तरंगतात. बस. मग विचारलं, यात प्लास्टिक कुठे दिसलं? ते दिसलेलं नाही, तो आपण काढलेला अर्थ आहे. हा फरक पोरांना कळायला बराच वेळ लागला आणि तो लागू द्यावा असं माझं ठाम मत आहे.

पुढचा प्रश्न, प्लास्टिक असेल तर काय काय व्हायला पाहिजे? कॉमर्सची एक मुलगी म्हणाली, भेसळ स्वस्त मालाची करतात ना मॅडम, मग प्लास्टिकचे दाणे तांदळापेक्षा स्वस्त पडतात का ते आधी बघू. एकाने मेणबत्तीवर दाणा धरला, तो काळा पडून जळला, वास करपलेल्या भाकरीसारखा, आणि शेजारी पेनचं टोपण धरलं तर ते वितळून टपकायला लागलं. आयोडीनचा थेंब टाकला तर दाणा निळा-काळा झाला. सगळे टाळ्या वाजवायला लागले तेवढ्यात मागून एक जण म्हणाली, "पण यावरून स्टार्च आहे एवढंच कळलं, आत दुसरं काही नाही हे कुठे कळलं?" मला इतका आनंद झाला की तो तास मी तिच्याच प्रश्नावर संपवला.

मग कागदपत्रं काढली. ते दाणे फोर्टिफाइड तांदळाचे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून मशीनमधून दाबून दाण्याचा आकार देतात, आणि 100 किलो साध्या तांदळात असे 1 किलो दाणे घालतात. म्हणून परातीत शंभरात एखादाच वेगळा दिसतो, आणि घनता वेगळी म्हणून तरंगतो. आईने पाहिलेलं सगळं खरं होतं! पोत्यावर +एफ चं चिन्ह असतं, पण रेशनचा तांदूळ माणूस आपल्या पिशवीत घेऊन येतो, पोतं बघणार कधी.

इथे वर्ग एकदम निवांत झाला, म्हणजे अफवा खोटी, सरकार बरोबर, झालं. मी तिथेच थांबवलं. प्लास्टिक आहे का, फायदा होतो का, आणि सगळ्यांना चालतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आपण फक्त पहिला सोडवलाय. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे (2019-21 चा सर्व्हे), म्हणून रेशनमधून हा तांदूळ द्यायची योजना. पण 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढतात तो) असा तांदूळ खाऊन ॲनिमियात कदाचित फारसा फरक पडत नाही असं आलंय. आणि थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच खावं अशी सूचना फोर्टिफाइड अन्नाच्या 2018 च्या नियमांत होती. पोरं गोंधळली, दोघं-तिघं चिडलीही, "मग नक्की काय समजायचं?" मला हाच गोंधळ हवा होता, कारण एक अफवा खोडून सोडून दिलं की पुढच्या वेळी ही पोरं दुसऱ्या बाजूचं सगळं डोळे झाकून मानणार.

शेवटचे मार्क घरी जाऊन बोलण्याला ठेवले होते. शिकवायचं नाही, सोबत करून बघायचं. त्या मुलाने चुलीवर आईसोबत दाणा जाळून पाहिला आणि रिपोर्टमध्ये तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, "लोह घातलंय तर आधी सांगायला काय झालं होतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, योजना आखणाऱ्यांनी ते द्यायला हवं. त्याला मी पूर्ण मार्क दिले. ती आता दाणे वेचत नाही म्हणे, पण तिच्या बहिणीच्या घरी अजून वेचतात, आणि सुट्टीत तो काडेपेटी घेऊन मावशीकडे जाणार आहे.