विंक्सचा निरोप समारंभ

रेस म्हटलं की आमच्याकडे अजूनही कुणाचं तरी घर विकलं गेल्याची गोष्ट निघते. पुण्यात वाढूनही रेसकोर्स मी एम्प्रेस गार्डनच्या बाजूने पाहिला तेवढाच. त्यामुळे 13 एप्रिल 2019 ला मी सिडनीच्या रँडविक रेसकोर्सवर होतो, हे आईला आजवर सांगितलेलं नाही. (आई, वाचत असशील तर, एक डॉलरही लावला नाही. लावून मिळणार काय होतं, डॉलरमागे सहा सेंट!)

त्या दिवशी विंक्स नावाची घोडी शेवटची धावणार होती. सलग बत्तीस शर्यती जिंकलेली, कॉक्स प्लेट ही इथली मानाची शर्यत ओळीने चार वर्षं नेलेली. तिच्यावर लावलेल्या पैजेची तिकिटं लोक वटवत नाहीत, आठवण म्हणून जपून ठेवतात. चाळीस हजारांवर माणसं, बरीचशी तिच्या निळ्या रंगात. दोन हजार मीटर धावून दीड लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली. तेहेतिसावी. आयुष्यात एकदाही ऑस्ट्रेलियाबाहेर धावली नाही, आणि यावरून इंग्लंडमधले जाणकार नाक मुरडायचे. 2018 मध्ये तिला तिथल्याच रॉयल अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींना न्यायचं घाटत होतं, ते रद्द झालं. परदेशात गेल्याशिवाय मोठेपण पक्कं होत नाही या समजुतीवर मी काही बोलणं शोभत नाही, पण मला तो निर्णय आवडला.

खरं तर मला सांगायचंय ते ट्रेनरबद्दल. क्रिस वॉलर. न्यूझीलंडमधल्या दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, सिडनीत येऊन इथला सगळ्यात मोठा ट्रेनर झाला. याच्या पागेत घोडे शेकड्याने, म्हणजे एखाद्याच घोड्यात जीव अडकवणं परवडणारं नाही. तर हा माणूस कॅमेऱ्यासमोर रडला. डोळे ओलावले वगैरे नाही, वाक्य पुरं होईना असा रडला. आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या शेजारी उभे असलेले, हातात बिअर धरलेले दोन दांडगे गडीही नाक पुसत होते.

मी विचार करत होतो, या माणसाला आज थोडं सुटल्यासारखंही वाटत असेल. हरायची सोय न उरलेला घोडा सांभाळणं म्हणजे काय असेल? ऑगस्ट 2017 मध्ये वॉरविक स्टेक्स या शर्यतीत विंक्स फाटकातून सुटलीच उशिरा, कित्येक लेंग्थ मागे पडली. पुढे होती फॉक्सप्ले, तीही वॉलरच्याच पागेतली. शेवटच्या क्षणी विंक्सने तिला नाकाच्या अंतराने मागे टाकलं. आपलाच घोडा हरावा म्हणून देव पाण्यात घालायची वेळ आणखी कुठल्या ट्रेनरवर आली असेल! चार वर्षं हे चाललं. शनिवार आला की सगळा देश याच्या घोडीचा पाय मोजायला बसलेला.

आपल्याकडे माणूस निवृत्त झाला तरी शाल, श्रीफळ, साहेबांचं लांबलेलं भाषण आणि वेफर्स. इथे भाषणंही झाली, पण ऐकत कोण होतं. घोडीला स्टँडसमोरून फिरवलं आणि लोक नुसते बघत राहिले. तिची देखभाल करणारा मोतद्दार मूळचा तुर्कस्तानातला. बाहेरून आलेल्या माणसाचं तिच्यासाठी राबणं इथे सगळ्यांना ठाऊक आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

बायकोला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “निवृत्ती कसली, बदली झाली तिची.” खरंच आहे. विंक्स हंटर व्हॅलीत पैदाशीसाठी गेली. पहिलं शिंगरू 2020 मध्ये दगावलं. नंतर झालेली मादी 2024 च्या लिलावात एक कोटी डॉलरला गेली.

मग बाकीच्यांचं काय होतं? त्याच 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एबीसी वाहिनीने क्वीन्सलँडमधल्या कत्तलखान्यात रेसचे घोडे दाखवले. लाथा, शिव्या, सगळं चोरून चित्रित केलेलं. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, रेसच्या घोड्यांना कत्तलखान्यात धाडायला बंदी आहे, बक्षिसांतला एक टक्का त्यांच्या पुनर्वसनाला जातो. पण घोडा राज्याची हद्द ओलांडून गेला की नियम मागे राहतो. तो कार्यक्रम मी पुरता पाहू शकलो नाही. एप्रिलमध्ये रडलेल्यांपैकी किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे.

हे सगळं आज आठवलं कारण परवा जेवणाच्या सुट्टीत एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने मला विचारलं, “इंडियात म्हाताऱ्या घोड्यांचं काय करता?” विचारण्यातला सूर मला झोंबला. मी त्याला पूनावालांची हकिकत ऐकवली. पुण्यातलं त्यांचं स्टड फार्म, तिथले थकलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यांच्या रक्तातून सीरम, म्हणजे औषधासाठी लागणारा रक्तातला द्रव, निघायचं. मग हे आपणच का करू नये, या विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडची लस जिथून जगभर गेली, ती संस्था मुळात निवृत्त घोड्यांच्या जिवावर सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावून तालुक्याच्या दवाखान्यात आलेला शेतमजूर वाचतो, तोही कुठल्यातरी घोड्याच्या रक्तावरच. अशा पागांमधल्या हालांवर प्राणीमित्रांनी बोट ठेवलेलं आहे. ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानेही मला कत्तलखान्याचं कुठे सांगितलं होतं?

तो शांतपणे म्हणाला, “आमचंही सापाचं औषध घोड्यांच्याच रक्तातून बनतं.”

मी म्हटलं, बनत असेल. फुरशावर चालतं का?