बेळगावातले दोन खडेबाजार

हेरिटेज वॉक या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आहे. पुढे बोलणारा एक, मागे पाण्याच्या बाटल्या घेतलेले पंचवीस, आणि 'हे बघा, हे मूळचं' असं ऐकू आलं की सगळ्यांच्या माना एकदम वर. त्यामुळे बेळगावच्या मावसभावानं फोनवर "ताई, फिरायचं नाहीये, खेळायचंय," असं सांगितल्यावरच मी पिशवी भरली. कोल्हापूरहून बेळगाव तसं जवळ. पण कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यापुढे आपली एसटी जाणार की नाही, हे त्या आठवड्यात सीमाप्रश्न किती तापलाय त्यावर. या वेळी गेली. मावशीच्या घरी जेवण, गप्पा, झोप.

खेळ असा, की गटागटानं शहरात सुटायचं. हातात एक चिठ्ठी. ती जिथे नेईल तिथे जुन्या काळातलं एखादं पात्र वेश करून उभं असणार. ते सांगेल ते काम केल्याशिवाय पुढची चिठ्ठी नाही, आणि पात्रानं काही झालं तरी आपला काळ सोडून बोलायचं नाही. चिठ्ठीचा अर्धा मजकूर मराठीत, अर्धा कन्नडमध्ये. मला कन्नड येतं ते 'ऊटा आयतु'पर्यंत. आमच्या गटात बँकेत नोकरी करणारी गदगची एक मुलगी होती म्हणून निभावलं. खेळ रचणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी दोनशे रुपये फी घेऊन नाश्त्याचा पत्ता लागू दिला नाही, हे इथेच लिहून टाकते; नंतर विसरायला होईल.

ही पात्रं आणली कुठून, हे कोडं पहिल्या थांब्यावरच सुटलं. बेळगावात शिवजयंती वैशाखातल्या तिथीला होते आणि नंतर चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. गल्लीगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे उभे करतात. अंगरखे, दाढ्या, लाकडी तलवारी घरच्या ट्रंकेत असतातच, आणि गर्दीसमोर उभं राहायची भीडही कधीच चेपलेली. याच पोरांना कॉलेजवाल्यांनी नव्या भूमिका दिल्या होत्या.

सुरुवात किल्ल्यातल्या कमल बस्तीपासून. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं 1204 मध्ये बांधलेलं हे जैन मंदिर. आत छताला दगडाचं कमळ लोंबतंय. बीचिराजाचा कारभारी म्हणून बसलेल्या मुलानं आम्हाला पाकळ्या मोजायला लावल्या. मान मोडली, पण बहात्तर भरल्या. एरवी मी त्या छताकडे मिनिटभरही बघितलं नसतं. मग किर्लोस्कर रोडवर कोट-टोपीतला एक सायकलवाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, आणि ते लोकांना सायकल शिकवायचेसुद्धा. पुढे ते नांगर बनवू लागले, जागा सोडावी लागली, 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आम्हाला मात्र पाय न टेकता शक्य तितकी हळू सायकल चालवायची होती, तीही बाजाराच्या वेळेला. मागून हॉर्न वाजवणाऱ्या टेंपोवाल्याला हे समजावणार कोण?

तिथे मिळालेली चिठ्ठी अशी: 'खडेबाजारात या. पण माझ्या खडेबाजारात. मी इंग्रजांचं मीठ खात नाही.'

मावसभाऊ खुदकन हसला आणि काही बोलला नाही. स्थानिकांनी उत्तर सांगायचं नाही असा नियम होता, आणि हा गृहस्थ नियम पाळायला नेमका आजच शिकला होता. दोन गट गर्दीतून सरळ गावातल्या खडेबाजाराकडे पळाले. आम्हाला गदगकरीणनं थांबवलं. म्हणाली, "शहापुरात आमची शाखा आहे ना, तिच्या पत्त्यातही खडेबाजार आहे."

बेळगाव इंग्रजांचं; त्याला खेटून असलेलं शहापूर मात्र सांगली संस्थानचं, पटवर्धनांचं. दोन गावं, दोन सरकारं, म्हणून दोन खडेबाजार. लहानपणापासून मी बेळगावला येतेय. सीमाप्रश्न, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस, सीमेवरचा महाजन आयोगाचा अहवाल हे सगळं जेवणाच्या ताटावर ऐकत मोठी झाले. पण या गावाच्या पोटातच एक हद्द होती आणि कुंदा, इथली ती खव्याची मिठाई, आणायला म्हणून आपण ती शंभरदा ओलांडली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशीनंसुद्धा नाही.

कपिलेश्वराच्या पुलावरून पलीकडे गेलो. शहापूरच्या खडेबाजारात रस्त्यावर रांगोळीची एक ठसठशीत रेघ, आणि रेघेपलीकडे फेटा, अंगरखा, काठी असा संस्थानचा शिपाई. घामानं त्याची चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटत होती. ती तो वरच्या ओठानं दाबून धरायचा, त्यामुळे प्रत्येक वाक्य दमात घेतल्यासारखं निघायचं.

"कुठल्या सरकारातनं आलासा?"

"बेळगावातनं."

"म्हणजे इंग्रजांच्या. आत सोडायचं तर आमच्या राजेसाहेबांचा एक रयत आणा, जामीन राहायला. जन्मानं शहापूरचा पाहिजे, आणि संस्थान विलीन व्हायच्या आधीचा."

सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते मार्च 1948 मध्ये. म्हणजे आम्हाला पंचाहत्तरीच्या पुढचं, इथेच जन्मलेलं माणूस शोधून रेघेपर्यंत चालवत आणायचं होतं. खेळ रचणाऱ्याला इथे मी मनातल्या मनात दाद दिली. आतापर्यंत आम्ही पाट्या वाचत होतो. आता लोकांची दारं वाजवायची होती.

पहिल्याच ओट्यावर एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. वय अगदी हवं तेवढं. आम्ही हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी न्हवं. मी बेळगावची, भोई गल्लीतली. लग्नानं इकडं आले." मग रेघेकडे नजर टाकून ओरडल्या, "काय रे, तू गेल्या वर्षी ट्रॉलीवर अफझलखान झालतास ना?"

शिपायानं पात्र सोडायचं नसतं. त्यानं मिशी दाबून मान नुसती ताठ केली. अख्खी गल्ली हसली.

आजींनी घरात हाक मारली. आत त्यांचे दीर होते. मागावर साड्या विणण्यात हयात गेलेली. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचाच पट्टा. आजोबा यायला तयार, पण असेच नाहीत. आधी दाढी. मग कोट. मग टोपी सापडेना. तोवर चुकलेले दोन्ही गट धापा टाकत येऊन पोचले आणि शेजारच्या गल्लीतून चटदिशी एक आजी पैदा करून रेघ ओलांडून गेलेसुद्धा. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर चिडले होते.

आजोबा आले. रेघेपाशी उभे राहिले. शिपायानं सलाम ठोकला. त्यांनी त्याच्या डोक्याकडे निरखून पाहिलं.

"हे काय बांधलंस गा? वरातीतला नवरा हाईस काय?"

आणि तिथेच, भर रस्त्यात, त्यांनी त्याचा फेटा सोडला. लांबच लांब कापड निघत राहिलं. एक टोक त्याच्याच दातात दिलं, दुसरं मला धरायला लावलं. मग बोटांनी पन्ह्याची घडी घालत, पीळ देत, एकेक वळसा मागच्याच्या अर्ध्यावर बसवत ते बांधत गेले. चष्मा लावला नव्हता, बोटंच बघत होती. मधे एक वळसा सैल पडला, तर तिथवर पुन्हा उसवून घेतला. एक दुचाकीवाला रेघेपाशी थांबला, त्याच्या मागे रिक्षा थांबली, आणि नवल म्हणजे कुणी हॉर्न दिला नाही. मिशी केव्हाच गळून पडली होती. पोरगा दातात फेट्याचं टोक धरून डोळे मिटून उभा.

"आमची आई बेळगावात जायचं म्हणजे 'दुसऱ्या सरकारात चाललो' म्हणायची," बांधता बांधता ते बोलले. "नंतर मुंबई सरकार आलं. मग म्हैसूर. मग कर्नाटक. फेटा असाच बांधतात."

शेवटचा तुरा खोचून त्यांनी पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आम्हाला म्हणाले, "जावा आता. मी जामीन हाय." गदगकरीणनं त्यांना वाकून नमस्कार केला. माझ्या हातात कापडाच्या स्टार्चचा वास राहिला आणि घड्याळाचं मी विसरून गेले.

जाता जाता शिपायानं, त्याच्या कामाचा भाग म्हणून, एक प्रश्न विचारलाच: आमच्या राजेसाहेबांच्या आश्रयानं मराठी नाटक कुणी उभं केलं? हे सोपं होतं. 1843 चं सीतास्वयंवर, विष्णुदास भावे. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत बघून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं होतं. "मग ह्या गल्लीत नाटक केलं तर चुकलं काय आमचं?" असं म्हणून त्यानं चिठ्ठी दिली.

पुढचं सगळं घाईचं. कोपऱ्यावर वर्दीतल्या एका गृहस्थानं तलवारी, फेटे आणि जमाव बघून हटकलं. या गावात चार माणसं घोषणेविना जमली तरी संशय येतो. "आटा री, आटा," म्हणजे खेळ आहे हो, खेळ, असं गदगकरीणनं दोनदा सांगितलं, आजींनी ओट्यावरून तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा सुटलो. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं. एक मालगाडी गेली, गेट उघडेना. मग दुसरी गेली. बेळगावकर यात अजिबात वैतागत नाहीत, इंजिन बंद करून गप्पा मारतात. मला ते जमत नाही.

शेवटचा थांबा काँग्रेस विहीर. 1924 च्या डिसेंबरातलं अधिवेशन, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी इथल्या मोकळ्या जागेवर विजयनगर नावाचं आख्खं गाव वसवलं आणि पाण्यासाठी ही विहीर खोदवली. गंगूबाई हनगल तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. त्या या अधिवेशनात गायल्या होत्या. विहिरीपाशी परकर-पोलक्यातली एक छोटी मुलगी गंगूबाई होऊन उभी होती, पण आम्ही पोचेपर्यंत तिचा आवाज बसलेला आणि बक्षिसाचा कुंदा संपलेला. डब्याच्या तळाला चिकटलेला तेवढा आमच्या वाट्याला आला.

वर उशीर झाला म्हणून आयोजक पोरांनी दहा गुण कापले. गदगकरीण आधी कन्नडमध्ये भांडली, मग माझ्याहून बऱ्या मराठीत भांडली: जामीनदार आणायला सांगता आणि त्याला टोपी शोधायला वेळ देत नाही, हा कुठला नियम? पाच गुण परत मिळाले. तरी आम्ही चौथेच.