तुम्ही विचारलंत म्हणून: मोटरमनच्या भिंतीवर घड्याळ का नाही?

आमच्याकडे कुणी पहिल्यांदा आलं की चहा होईपर्यंत त्याची नजर भिंतींवरून फिरते आणि मग प्रश्न येतोच. "काका, तुम्ही मोटरमन होतात ना? आयुष्यभर सेकंदावर लोकल चालवलीत आणि घरात एक घड्याळ नाही?" वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात भेटणारी मंडळी तेच जरा फिरवून विचारतात, "एवढ्या धावपळीच्या नोकरीतून आलात, मग इतके निवांत कसे?" मी बहुतेक वेळा हसून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो.

घड्याळावर माझा राग नाही. त्यानेच घर चालवलं, मुलांची शिक्षणं केली. लॉबीत, म्हणजे ड्युटीच्या हजेरीच्या खोलीत जायचं, दारू प्यायलेलो नाही हे नळीत फुंकून दाखवायचं, साइन ऑन करायचं, म्हणजे हजेरी लावायची, मनगटावरची वेळ तिथल्या वेळेशी जुळवायची आणि गाडीवर चढायचं. मधल्या स्टेशनांवर हॉल्ट वीस-तीस सेकंदांचा. तेवढ्यात दादरला अर्धा डबा उतरतो आणि दीड डबा चढतो. मुंबईत गाडीला नाव पडतं तेही वेळेचंच. "माझी आठ-बाराची चुकली" म्हणताना माणसाचा चेहरा बघा, घरातलं कुणी निघून गेल्यासारखा होतो.

पण प्लॅटफॉर्मवर उभं राहून न कळणारी एक गोष्ट केबिनमध्ये बसल्यावर कळते. मोटरमनचा डोळा घड्याळावर नसतो, सिग्नलवर असतो. हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. वेळापत्रक काहीही म्हणो, समोर पिवळा असेल तर वेग उतरवायचा. गाडी चार मिनिटं लेट आहे म्हणून लाल दिवा हिरवा होत नाही. शिवाय हाताखाली डेडमॅन हँडल असतं. चालत्या गाडीत ते दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतो. म्हणजे माणूस तिथे नुसता बसून चालत नाही, हजर असावा लागतो. "वर्तमानात जगा" असं सांगणारी पुस्तकं निवृत्तीनंतर लोकांनी मला बरीच भेट दिली. मी चाळली आणि ठेवून दिली. माझ्या हाताला ते आधीच शिकवलेलं होतं.

आता ज्यामुळे हे सगळं सुरू झालं ते. ऑटोमॅटिक सिग्नल, म्हणजे पुढची गाडी सरकेल तसा आपोआप बदलणारा सिग्नल, लाल मिळाला तर नियम असा की गाडी उभी करायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग शिटी देऊन पुढे काहीतरी अडथळा आहे असं धरूनच अगदी सावकाश निघायचं. ऐकायला एक मिनिट. सकाळच्या गर्दीत, शीव-कुर्ल्याच्या मध्ये, दारात माणसं लोंबकळताहेत आणि मोटरमनचा उद्धार चाललाय, अशा वेळी ते मिनिट संपता संपत नाही. सुरुवातीला मी सेकंद मोजायचो. मोजलं की ते आणखी लांबतं. माझी आई माळकरी होती, घरात हरिपाठ रोजचा. नोकरीला लागल्यावर मी त्यातलं सगळं विसरलो होतो असं मला वाटायचं. एकदा असाच लाल दिव्यासमोर उभा असताना ओठांवर आपोआप "राम कृष्ण हरी" आलं. नजर सिग्नलवर, कान गार्डच्या बेलकडे, आणि आत नाम. पुढे सवयच झाली. लक्ष ढळलं तर नाही, उलट स्थिरावलं. निघायची वेळ झाली की निघायचो.

याला श्रद्धा म्हणायचं की युक्ती, असं माझा एक पुतण्या विचारतो. मला या वादात रस नाही. पण श्रद्धेचा भाग एवढा नक्की होता: समोर वळण असतं, त्यापलीकडचे रूळ दिसत नाहीत. हिरवा म्हणजे पुढचा रस्ता मोकळा, हे धरून मोटरमन ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगाने हजारो माणसं पाठीशी घेऊन वळणात शिरतो. कुणावर तरी विसंबल्याशिवाय एक स्टेशनसुद्धा जाता येत नाही. जे देव मानत नाहीत असे माझे सहकारीही असेच विसंबायचे.

रुळांवर माणूस येतो, त्याबद्दल थोडंच लिहितो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे. गाडी अमुक मिनिटं लेट, कारण रनओव्हर, म्हणजे माणूस गाडीखाली आला, अशी नोंद होते. नोंद खरीच असते. पण त्या मिनिटांत काय झालं ते तिच्यात मावत नाही. आणि त्यानंतरही गाडी पुढे न्यायची असते. मागे बघत राहिलो असतो तर ती नेता आली नसती. पुढचा सिग्नल, मग त्याच्या पुढचा. घरी येऊन रडू आलं तर रडायचो.

काही लोक घड्याळाला देवाच्या जागी बसवतात, त्यांना मी मुंबईचा इतिहास सांगतो. या शहराची स्वतःची वेळ होती, आजच्या भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावायची, ती मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे. म्हणजे घरातून निघताना एक वेळ आणि स्टेशनात शिरल्यावर दुसरी! १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामाला मद्रासची वेळ लावली, लोक बिथरले आणि १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १९०६ मध्ये साऱ्या देशाची एक वेळ आली तेव्हाही मुंबई सहजी बधली नाही. गिरणी कामगारांनी निदर्शनं केली, आणि जुनी 'मुंबई वेळ' शहरात कुठे कुठे १९५५ पर्यंत तग धरून राहिली. आजही वर्षाची सरासरी काढली तर मुंबईचा सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, बारा एकोणचाळीसच्या सुमाराला. घड्याळातली वेळ हा माणसांनी आपसात केलेला करार आहे. करार पाळावा, मी चोख पाळला. त्याच्यापुढे उदबत्ती लावायचं कारण नाही.

आणि ज्याच्यापुढे लावतो तो तर स्वतःच थांबलेला आहे. पुंडलिकाची कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. देव दारात आला, हा आईबापांचे पाय चेपत होता, त्याने वीट फेकली आणि "यावर उभा राहा" म्हणाला. कीर्तनात या गोष्टीतून मातृपितृभक्ती सांगतात, ते बरोबरच आहे. मला मात्र विटेवरच्याचं नवल वाटतं. किती वेळ लागेल, असं त्याने विचारलं नाही. कंबरेवर हात ठेवून जो उभा राहिला तो अजून उभा आहे. आणि पुंडलिकाने देव आला म्हणून हातातले पाय घाईने आटोपले नाहीत. आषाढीला वडाळ्याच्या रांगेत उभा असलो की शेजारचा हमखास विचारतो, "काका, अजून किती वेळ?" मी म्हणतो, "पुढे माणसं आहेत तेवढा."

तरी एक कबूल करायला हवं. हे सगळं पेन्शनवाल्याला शोभतं. आमच्या मजल्यावर कामाला येणारी बाई तीन घरं धरते, एका घरी दहा मिनिटं उशीर झाला की तिन्ही घरची बोलणी खाते. तिला "घड्याळ सोड, क्षणात जग" असं कुणी सांगितलं तर तिने लाटणं उगारावं. या शहरात उशिराची किंमत सगळ्यांत जास्त तेच मोजतात ज्यांच्याकडे द्यायला सगळ्यांत कमी असतं. म्हणून ती उशिरा आली तर आमच्याकडे कुणी भिंतीकडे बघत नाही. घड्याळ न लावण्याचा हा एक उपयोग आधी माझ्या लक्षातही आला नव्हता.

दिवस कसा जातो, हेही विचारता. पहाटे अजान होते, मग देवळातला काकडा, मग दूधवाला. हार्बरच्या गाड्यांचा आवाज घरापर्यंत येतो आणि त्यांची गर्दी-मंदी कानाला कळते. कुणाला भेटायचं ठरलं असेल तर मी पाच मिनिटं आधीच पोचलेला असतो, ती खोड जाणार नाही. रक्तदाबाच्या गोळीचा गजर सौ.च्या मोबाइलमध्ये लावलेला आहे. तो वाजला की निमूटपणे उठतो.