बासरी आणि क्लॅरिनेट, ओठ मात्र एकच

दुपारी वरातीत क्लॅरिनेट आणि संध्याकाळी भावगीतांच्या कार्यक्रमात बासरी, असं मला सांगलीत वाजवताना पाहिलेले लोक हमखास विचारतात: दोन्हीसाठी ओठ कसे बदलता? एकामुळं दुसरं बिघडत नाही का?

बिघडतं. माझं बिघडलंय, म्हणून सांगतो.

क्लॅरिनेटला खालचा ओठ दातांवर दुमडून त्याची गादी करावी लागते. वरचे दात माउथपीसवर टेकलेले, ओठांचे कोपरे आवळलेले, हनुवटी ताणून सपाट. रीड, म्हणजे माउथपीसला बांधलेली वेताची पातळ पट्टी, त्या गादीवर थरथरते. बासरीला तोच ओठ सैल आणि बाहेर हवा. तो भोकाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकतो आणि ओठांमधल्या बारीक फटीतून निघालेली फुंक समोरच्या कडेवर फुटते. जबडा जरा आवळला की सूर गेलाच.

एका गणपतीत दोन तास मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवून मी थेट स्टेजवर चढलो. पहिल्याच गाण्यात बासरीवर मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, तुकडा होता. फुंक मारली, नुसती हवा आली. जीभ आतून ओठाला लावली तर दातांच्या खुणा ओळीनं लागत होत्या आणि ओठाचा मधला भाग बधिर झाला होता. तबलेवाल्यानं ठेका धरून ठेवला, गायिका माझ्याकडे बघत थांबली. ती शांतता मी विसरलेलो नाही.

नंतर कळलं की दोष क्लॅरिनेटचा कमी, माझ्या चावण्याचा जास्त होता. आणि चावण्याची सवय आली होती बासरीतून! बासरीवर तीच बोटं ठेवून फुंक बारीक, जोरकस केली की सा चा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा होतो. तिथं ओठच काम करतात. क्लॅरिनेटवर डाव्या अंगठ्याची चावी उघडली की सा वरून थेट तार सप्तकातला प लागतो. काम चावी करते, ओठांनी आवळायचं कारणच नाही. मी मात्र वरचे सूर आले की आवळत होतो. तीन नंबरची कडक रीड सोडून अडीचची मऊ लावली, श्वास पोटातून भरून दिला, तेव्हा दात ओठावरून उठले.

आता बासरीचा रियाज आधी, सकाळी कृष्णेच्या घाटावर. वारा सुटला तर त्याच्याकडे पाठ करून बसतो, नाहीतर फुंक कडेपर्यंत पोचत नाही. क्लॅरिनेट त्यानंतर.

कार्यक्रमात क्रम उलटा आला तर मध्ये दहा मिनिटं मागून घेतो, आयोजक कुरकुरले तरी. घोड्यासारखे ओठ फडफडवतो, गार पाण्यानं खालचा ओठ ओला करतो, मग विंगेत मंद्रातला एकच सूर हलक्या फुंकेनं लांबवत राहतो. त्यातली खरखर गेली की सांगतो, चला.