मालक बदलला की शॉपफ्लोअरवर काय बदलतं

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात दहा-वीस माणसांची मशीनशॉप्स गल्लोगल्ली आहेत. मशीन साधारण त्याच, ऑपरेटर त्याच आयटीआयमधून आलेले, गिऱ्हाईकही बहुतेक तेच. तरी एक शॉप दहा वर्षांत शेजारचा गाळा घेतं आणि दुसरं आहे तिथंच राहतं. भांडवल, ओळखी, बाजाराची वेळ यांचा वाटा मोठा आहेच. पण मालकाच्या स्वभावाचा वाटा आपण फार कमी धरतो, आणि तो थेट पैशात मोजता येतो.

व्यक्तिमत्त्व विकास म्हटलं की सभागृह, माइक आणि टाळ्या डोळ्यांपुढे येतात. दोन दिवसांच्या शिबिरातून आलेला उत्साह खराच असतो, पण सोमवारी पहिली डेबिट नोट (खराब मालापोटी गिऱ्हाइकानं पैसे कापल्याची चिठ्ठी) आली की ओसरतो. लहान उद्योजकानं स्वतःत काय बदलावं, याची माझी यादी छोटी आहे: राग आवरणं, खरा आकडा बघणं, हक्काचं मागणं आणि हातातलं सोडणं.

रागापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महाग तोच पडतो.

500 बुशचा (नळीसारख्या पोकळ भागांचा) लॉट चालू आहे. बोअर, म्हणजे आतलं भोक, 20 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते अधिक 21 मायक्रॉन. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो तसा बोअर बारीक होत जातो. 180 व्या पीसला प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) ‘गो’ बाजू, जी आत जायलाच हवी, ती जात नाही. आधीची तपासणी 150 व्या पीसला झाली होती, म्हणजे संशयातले पीस फक्त 30. शिवाय बोअर लहान राहिलाय, मटेरियल शिल्लक आहे, पुन्हा मशीनवर घेतले तर बहुतेक पीस वाचतील. ऑपरेटरनं त्या क्षणी सांगितलं तर नुकसान तासाभराचं. पण मागच्या वेळी खरं सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं गेलं असेल, तर तो गुपचूप ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) बदलतो आणि ते 30 पीस चांगल्या मालात मिसळतो. मग ते गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत अडकतात. लाइन थांबते, त्यांची माणसं तुमचा सगळा स्टॉक तुमच्या खर्चानं निवडतात, डेबिट नोट येते आणि पुढची ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते.

म्हणून बिघाड कळला की विचारायचे प्रश्न आधीच ठरवून ठेवावेत. शेवटचा चांगला पीस कितवा? त्यानंतर किती निघाले? ते आत्ता कुठे आहेत? आधी माल वेगळा करून लाल बिनमध्ये टाकायचा. ‘कोणी केलं’ आणि ‘का झालं’ ही चर्चा दुसऱ्या दिवशी, आवाज खाली ठेवून. त्यासोबत एका वहीत लिहीत जावं: हा दोष कोणी पकडला, ऑपरेटरनं, फायनल इन्स्पेक्शननं की गिऱ्हाइकानं? पहिल्या रकान्यातल्या नोंदी वाढत गेल्या तर सुधारणा खरी आहे. इथं एक धोका आहे. सुरुवातीचे काही आठवडे कागदावरचं रिजेक्शन (नापास माल) वाढलेलं दिसतं, कारण आजवर लपलेलं बाहेर येतंय. नेमका तेव्हाच मालकाचा तोल गेला, तर माणसं परत गप्प होतात आणि दुसऱ्यांदा ती लवकर बोलत नाहीत.

आता आकडा. जॉबवर्कचा (दुसऱ्याचं काम करून देण्याचा) दर सांगताना बरेच जण शेजारचा काय घेतो ते विचारतात. स्वतःचा तासाचा खर्च काढायला एक दुपार पुरते, पण उत्तर नकोसं येईल या भीतीनं ती दुपार सापडत नाही. एक नमुना हिशेब बघा. व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) 30 लाखांची, आयुष्य 8 वर्षं धरलं तर घसारा वर्षाला 3.75 लाख. व्याज सरासरी दीड लाख. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, पीएफसकट महिना 25-25 हजार, म्हणजे 6 लाख. भाड्याचा वाटा 96 हजार. देखभाल आणि कूलंट दीड लाख. देखरेख आणि ऑफिसचा वाटा 2.4 लाख. बेरीज 16.11 लाख. वर्षाचे तास 300 दिवस गुणिले 16, म्हणजे 4,800. यानं भागलं तर 336 रुपये येतात. वीज तासाला साधारण 54 रुपये धरली की 390. छान वाटतं.

पण मशीन 4,800 तास कापत नाही. सेटिंग, मटेरियलची वाट, पहिल्या पीसची मंजुरी, ऑपरेटरची सुट्टी हे सगळं वजा करून 60 टक्के, म्हणजे 2,880 तास धरले तर तोच खर्च 559 होतो आणि विजेसकट 613. टूल्स आणि नफा अजून त्यात नाहीतच. तासाला 450 रुपयांत काम घेणारा मालक पहिल्या हिशेबानं 60 रुपये कमावतो आणि दुसऱ्यानं दर तासाला 163 रुपये पदरचे घालतो. मशीन दिवसरात्र चालू आणि खात्यात पैसा नाही, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथं असतं. कापण्याचे तास अंदाजानं धरू नका. महिनाभर मशीनवर कागद लावा, थांबलेली मिनिटं आणि कारण ऑपरेटरलाच लिहू द्या. आणि तो कागद बघून ऑपरेटरवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात सगळं छान छानच लिहून येईल.

मागणं हा आपल्याकडचा खास अडलेला भाग आहे. माल वेळेवर देणारा माणूस स्वतःच्या पैशासाठी फोन करताना अवघडतो, ‘संबंध बिघडतील’ म्हणतो. पण दरमहा रिटर्न भरणाऱ्याला बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे 90 दिवसांनी आले तरी. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2024-25 या आकारणी वर्षापासून या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याचा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर छापा.

फोन मुदत संपल्यावर करू नका, माल पोचल्यावर आठवड्याभरात करा, आणि तोही खरेदी विभागाला नको, अकाउंट्सला. विचारायचं एवढंच: मालाची पोच सिस्टिममध्ये चढली का, बिलावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर जुळतोय का? पैसे अडतात ते बऱ्याचदा अशा किरकोळ कारणानं, आणि ते 46 व्या दिवशी कळतं. या कायद्याखाली सरकारी पोर्टलवर तक्रार हा शेवटचा मार्ग आहे, तो जपून वापरावा. आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला हेही लहानच उद्योग आहेत. त्यांचे पैसे थकवून स्वतःच्या पैशासाठी कायदा दाखवणं मला पटत नाही.

आता सोडण्याबद्दल, म्हणजे काही निर्णय दुसऱ्याच्या हाती देण्याबद्दल. आठवडाभर आलेला प्रत्येक फोन लिहून काढा: कोणाचा, कशासाठी, आणि दुसरा कोणी उत्तर देऊ शकला असता का? सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न निवडा, फक्त एक. समजा तो इन्सर्ट आणि किरकोळ खरेदीचा आहे. सुपरवायझरला 5,000 रुपयांपर्यंतची मुभा लेखी द्या, बिल संध्याकाळी फाइलला. तीन महिने नीट चाललं की 15,000. हे बिघडतं ते नेहमी एकाच ठिकाणी: त्यानं एखादी वस्तू 200 रुपये महाग आणली आणि मालकानं पोरांसमोर ती परत पाठवली. त्या दिवसापासून तो प्रत्येक स्क्रूसाठी फोन करतो, आणि त्याचं बरोबरच असतं. मर्यादेच्या आतला निर्णय चुकला तरी त्या दिवशी उलटवायचा नाही. बोलायचं ते केबिनमध्ये.

घरखर्च आणि धंदा यांची खाती वेगळी करून स्वतःला ठरलेला पगार घेणं हेही यातच येतं, त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

हे सगळं एकट्यानं जमणं कठीण, कारण मालकाला त्याच्या शॉपमध्ये कोणी तोंडावर सांगत नाही. एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या पाच-सहा मालकांचा गट करा. एक फॅब्रिकेशनवाला, एक पॅकेजिंगवाला, एक फाउंड्रीवाला. ओळखी नसतील तर 1934 पासून चालत आलेल्या मराठा चेंबरच्या (पुण्यातल्या उद्योजकांच्या संस्थेच्या) कार्यक्रमांत किंवा आपल्या एमआयडीसीच्या संघटनेत भेटतील. महिन्यातला एक गुरुवार धरा, भोसरीत बहुतेकांची सुट्टी असते. प्रत्येकानं तीन आकडे आणायचे: ऑपरेटरनं स्वतः सांगितलेलं रिजेक्शन, 45 दिवसांपुढची येणी आणि आपल्याला न विचारता झालेले निर्णय. चहा झाल्यावर मोबाइल बाजूला, आणि ज्याचे आकडे वाईट आहेत त्यानं आधी बोलायचं.